फ्लॉपआधी रेझ केव्हा करावा आणि कशासाठी

टेक्सास होल्डेम या पोकरच्या सर्वाधिक प्रचलित प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन पाने मिळतात आणि टेबलाच्या मध्यभागी पहिली तीन सामाईक पाने, म्हणजे फ्लॉप, उघडण्याआधी बेटिंगची एक पूर्ण फेरी होऊन जाते. प्रत्येक डाव टर्न आणि रिव्हरपर्यंत, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या सामाईक पानापर्यंत, पोहोचत नाही. परंतु दोन पाने हातात आली की ती टाकायची, कॉल करायचा (आधी लावलेल्या रकमेइतकेच भरायचे) की रेझ करायचा (ती रक्कम वाढवायची), हे प्रत्येक डावात ठरवावेच लागते. म्हणून पोकर शिकणाऱ्याने सर्वांत आधी या फेरीचा नीट अभ्यास करावा, असे माझे ठाम मत आहे. येथे घेतलेला चुकीचा निर्णय पुढच्या तीनही फेऱ्यांत महाग पडतो आणि येथे घेतलेला बरोबर निर्णय पुढचे अर्धे प्रश्न निर्माणच होऊ देत नाही.

हे मार्गदर्शन नो-लिमिट होल्डेमसाठी, म्हणजे एका वेळी कितीही चिप्स लावता येणाऱ्या प्रकारासाठी, आहे आणि सर्व हिशेब चिप्समध्ये दिले आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, देशभर बंदी घातली आहे. त्यामुळे भारतात राहणाऱ्या वाचकाचा या खेळाशी संबंध मित्रांबरोबर नुसत्या चिप्सवर मांडलेल्या डावात, पणजीला मांडवीच्या पात्रातील परवानाधारक कॅसिनोंमध्ये किंवा परदेशातील पोकर रूममध्ये येण्याचा संभव अधिक. टेबल कोणतेही असले तरी तर्क तोच राहतो.

उदाहरणांसाठी एकच मांडणी गृहीत धरू. टेबलावर नऊ खेळाडू आहेत, प्रत्येकापुढे १०,००० च्या चिप्स आहेत, स्मॉल ब्लाइंड ५० आणि बिग ब्लाइंड १०० आहे. ब्लाइंड म्हणजे बटणाच्या डावीकडच्या दोघांनी पाने पाहण्याआधीच भरायची सक्तीची रक्कम; ती भरणाऱ्या खेळाडूंनाही तीच नावे आहेत. पाने वाटून झाली की बिग ब्लाइंडच्या डावीकडचा खेळाडू पहिला बोलतो आणि फेरी डीलरच्या बटणापर्यंत (वाटणाऱ्याची जागा दाखवणारी, दर डावाला पुढे सरकणारी चकती) जाऊन शेवटी दोन्ही ब्लाइंडपाशी संपते. फ्लॉपनंतर मात्र क्रम बदलतो: स्मॉल ब्लाइंडची पाळी सर्वांत आधी आणि बटणावरच्या खेळाडूची सर्वांत शेवटी येते. पुढचे जवळजवळ सगळे विवेचन या बदललेल्या क्रमावर उभे आहे.

पहिला नियम: डाव उघडायचा असेल तर रेझ करूनच

तुमच्या आधी सगळ्यांनी पाने टाकली आहेत आणि पाळी तुमची आहे. अशा वेळी नुसते १०० भरून आत येणे, ज्याला लिंप करणे म्हणतात, जवळजवळ नेहमीच सर्वांत कमकुवत पर्याय असतो. पाने खेळण्याजोगी असतील तर रेझ करावा. रेझ करण्याजोगी नसतील तर ती टाकावीत. सुरुवातीला हा नियम कठोर वाटतो. विशेषतः तीन पत्तीवर वाढलेल्या आपल्याकडच्या खेळाडूंना तो जड जातो, कारण तिथे सगळेच बूट भरतात आणि थोडी थोडी चाल देत पुढे सरकण्याची सवय हाताला लागलेली असते. तीन पत्तीत मात्र पाने तीन ती तीनच राहतात. होल्डेममध्ये अजून पाच पाने यायची असतात आणि प्रत्येक टप्प्यावर पुन्हा किंमत मोजावी लागते. म्हणून स्वस्तात आत शिरलेला खेळाडू पुढे महागात बाहेर पडतो.

लिंप करणाऱ्याला डाव जिंकण्याचा एकच मार्ग उरतो: फ्लॉप किंवा पुढची पाने त्याला अनुकूल येणे. रेझ करणाऱ्याला दोन मार्ग असतात. सगळ्यांनी तिथेच पाने टाकली तर मधले १५० कोणतेही पान न उघडता त्याचे होतात आणि कोणी कॉल केलाच तरी पाने चांगली पडून जिंकण्याची संधी शाबूत राहते. त्यातच जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर किमान एक जोडी लागण्याची शक्यता फक्त एक तृतीयांशाच्या आसपास असते. म्हणजेच तीनपैकी दोन वेळा फ्लॉप समोरच्याच्या कामी येत नाही. ज्याने आधी रेझ केला आहे त्याने अशा वेळी एक बेट केली, म्हणजे चिप्स लावल्या, की समोरचा अनेकदा बाजूला होतो, कारण मोठी जोडी किंवा एक्का-राजा रेझ करणाऱ्याकडे असणे अधिक संभवनीय आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. लिंप केलेल्या डावात हा वचक कोणाकडेच नसतो.

याशिवाय बिग ब्लाइंडचा विचार करा. तुम्ही लिंप केलात तर त्याला सत्ती-दुर्री घेऊनही फुकटात फ्लॉप पाहता येतो. मग फ्लॉपवर सत्ती, दुर्री आणि राजा पडला आणि तुमच्याकडे राजा असला, तर त्या दोन जोड्यांचा अंदाज तुम्हाला येणे शक्य नाही. तुम्ही बटणावरून ३०० चा रेझ केलात आणि स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली, तर बिग ब्लाइंडला ४५० च्या पॉटसाठी (मध्ये जमलेल्या चिप्ससाठी) आणखी २०० भरावे लागतात, म्हणजे कॉलनंतरच्या ६५० च्या पॉटचा सुमारे ३१ टक्के वाटा जिंकण्याइतकी ताकद हातात असेल तरच त्याचा कॉल परवडतो. सत्ती-दुर्री तो निमूटपणे टाकतो.

मोठ्या जोडीच्या रेझचे खरे कारण

एक्क्यांच्या जोडीवर रेझ करावा हे कोणालाही सांगावे लागत नाही; परंतु त्याचे कारण विचारले तर बहुतेकजण म्हणतात की फार लोक आत येऊन जोडी मोडू नये म्हणून. हे कारण अर्धवट आहे आणि त्यामुळे पुढे चुकीचे निर्णय होतात, म्हणून ते जरा सविस्तर पाहणे आवश्यक वाटते.

एक्क्यांची जोडी एका अनोळखी हातासमोर सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते, दोघांसमोर सुमारे ७३ टक्के आणि चौघांसमोर सुमारे ५६ टक्के. जिंकण्याचे प्रमाण घटते हे खरे, पण पॉट मोठा होत जातो. समजा तुम्ही लिंप केला आणि एकूण पाचजणांनी १००-१०० भरून फ्लॉप पाहिला. पॉट ५०० चा झाला, त्यातला तुमचा सरासरी वाटा ५६ टक्के म्हणजे २८० आणि तुम्ही भरलेले १०० वजा जाता लाभ १८० चा झाला. आता समजा तुम्ही ३०० चा रेझ केला आणि दोघांनी कॉल केला. ब्लाइंडच्या चिप्स बाजूला ठेवल्या तरी पॉट ९०० चा, तुमचा ७३ टक्के वाटा ६५७ चा आणि ३०० वजा जाता लाभ ३५७ चा. विरोधक निम्मे झाले आणि लाभ मात्र जवळजवळ दुप्पट झाला. प्रत्यक्षात कॉल करणाऱ्यांची पाने अगदीच अनोळखी नसतात, त्यामुळे आकडे थोडे खाली येतील. तरी दिशा बदलत नाही.

म्हणजे मोठ्या जोडीवर रेझ करायचा तो त्या क्षणी आपली बाजू वरचढ आहे आणि त्या वरचढपणावर जास्तीत जास्त चिप्स लावून घ्यायच्या आहेत म्हणून. जोडी वाचवण्याच्या भीतीने जो रेझ करतो तो ३०० च्या जागी १,५०० लावतो, सगळे पळून जातात आणि २२१ डावांत सरासरी एकदाच येणारा हात १५० चिप्सवर संपतो. उलट, हात लपवण्याच्या मोहाने जो लिंप करतो तो पाच जणांत अडकतो आणि फ्लॉपवर आपण पुढे आहोत की मागे हेच त्याला समजेनासे होते.

गुलामांच्या किंवा दश्शींच्या जोडीला मात्र संरक्षणाचा मुद्दा खरोखर लागू पडतो. तुमच्याकडे गुलामांची जोडी असेल तर फ्लॉपवर राणी, राजा किंवा एक्का यांपैकी किमान एक पान पडण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के असते. राण्यांच्या जोडीवर राजा किंवा एक्का पडण्याची सुमारे ४१ टक्के. टेबलावर एकच विरोधक असेल तर असे पान पडूनही तुम्ही बऱ्याचदा पुढेच असता. चौघे असतील तर कोणाकडे तरी ते पान असण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून या जोड्यांना विरोधकांची संख्या कमी करणारा रेझ एक्क्यांपेक्षाही अधिक उपयोगी पडतो.

जागा पाहून पाने ठरवा

पाने तीच, पण बसायची जागा बदलली की त्यांची किंमत बदलते, हे तत्त्व ज्याच्या अंगी मुरले त्याचा खेळ लगेच सुधारतो. एक्के, राजे आणि राण्यांच्या जोड्या आणि एक्का-राजा एवढेच हात मोजले तरी दोन पानांच्या १,३२६ संभाव्य जोडणींपैकी त्या ३४ आहेत, म्हणजे एका खेळाडूकडे असा हात असण्याची शक्यता अडीच टक्क्यांच्या आसपास. तुम्ही सर्वांत पहिले बोलत असाल तर मागे आठजण बोलायचे आहेत आणि त्यांच्यापैकी किमान एकाकडे असा हात असण्याची शक्यता १९ टक्क्यांच्या जवळ पोहोचते. बटणावर असाल आणि सगळ्यांनी पाने टाकली असतील तर मागे दोघेच उरतात आणि तीच शक्यता पाच टक्क्यांवर येते. त्याखेरीज बटणावरचा खेळाडू फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो. समोरच्याने चेक केला (काही न लावता पाळी पुढे दिली) की बेट केली, किती केली, हे पाहूनच त्याला निर्णय घेता येतो.

राजा-गुलाम हा ऑफसुट हात, म्हणजे दोन्ही पाने वेगवेगळ्या चिन्हांची, घ्या. पहिल्या जागेवरून यावर रेझ केला तर कॉल किंवा पुन्हा रेझ करणाऱ्याकडे एक्का-राजा, राजा-राणी, एक्का-गुलाम असे हात अधिक असतात, आणि फ्लॉपवर राजा पडला तरी दुसरे पान लहान असल्याने तुम्हीच जास्त चिप्स गमावता. जोडी लागूनही हरणे हे न लागण्यापेक्षा महाग पडते. म्हणून नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून हा हात बिनदिक्कत टाकावा. बटणावर सगळ्यांनी पाने टाकल्यावर मात्र त्याच राजा-गुलामवर न चुकता रेझ करावा.

पहिल्या जागेसाठी एक सावध यादी सांगायची तर सत्तीपासून वरच्या सर्व जोड्या, एक्क्याबरोबर दश्शी किंवा तिच्यावरचे पान सुटेड असेल तर, राजा-राणी, राजा-गुलाम, राणी-गुलाम आणि गुलाम-दश्शी फक्त सुटेड, आणि ऑफसुटमध्ये एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम. ही एकूण ११६ जोडण्यांची यादी होते, म्हणजे सगळ्या हातांपैकी नऊ टक्क्यांपेक्षाही कमी. सुटेड म्हणजे दोन्ही पाने बदामाची, दोन्ही इस्पिकची अशी. त्याने जिंकण्याची शक्यता दोन ते चार टक्क्यांनीच वाढते, पण काठावरच्या हातांना तेवढे बळ पुरते. बटणाकडे सरकत जाल तशी यादी वाढवत न्यावी आणि प्रत्यक्ष बटणावर कोणतीही जोडी, कोणताही एक्का, बहुतेक सुटेड राजे आणि राण्या, दश्शी-नव्वी किंवा सत्ती-छक्कीसारखी सुटेड सलग पाने, असे जवळजवळ चाळीस टक्के हात रेझ करून उघडता येतात. सहा जणांचे टेबल असेल तर नऊच्या टेबलावरच्या पहिल्या तीन जागा मुळात नाहीतच असे समजून यादी लावावी.

स्मॉल ब्लाइंडची जागा फसवी आहे. पन्नास आधीच भरलेले असतात, आणखी पन्नासात फ्लॉप दिसतो, म्हणून हात आपोआप पुढे जातो. परंतु फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत तुम्हालाच आधी बोलायचे आहे. नवशिक्याने या जागेवरूनही रेझ किंवा फोल्ड (पाने टाकणे) हाच नियम पाळावा.

ब्लाइंड चोरण्याचा हिशेब

बटणावरून किंवा त्याच्या उजवीकडच्या जागेवरून, जिला कटऑफ म्हणतात, मध्यम पानांवर रेझ करण्यामागे ब्लाइंड तिथल्या तिथे उचलण्याचा उद्देशही असतो. २५० चा रेझ करून १५० जिंकायचे असतील तर तो ६२.५ टक्के वेळा यशस्वी झाला पाहिजे. ३०० चा केला तर दोन तृतीयांश वेळा. ही बरोबरीची रेषा कॉल झाल्यावर एकही डाव जिंकणार नाही असे धरून काढली आहे. प्रत्यक्षात बटणावरच्या खेळाडूला जागेचा फायदा असतो, त्यामुळे पन्नास-पंचावन्न टक्के वेळाच ब्लाइंडने पाने टाकली तरी बऱ्या हातावर हा रेझ लाभाचा ठरू शकतो.

म्हणून पाने वाटली जात असताना आपल्याच पानांकडे पाहू नये. डावीकडच्या दोन खेळाडूंकडे पाहावे. अनेकजण पाने उचलून बघताक्षणी टाकण्याच्या तयारीत ती हातात धरून ठेवतात, तर ज्याला खेळायचे असते तो ती टेबलावर ठेवून त्यावर चिप किंवा बोट ठेवतो. हे निरीक्षण दर वेळी अचूक ठरत नाही, परंतु एखादा खेळाडू ते तासभर एकाच पद्धतीने करत असेल तर चोरीचा रेझ करायचा की नाही हे त्यावरून ठरवता येते. आणि बिग ब्लाइंडवर कधीच पाने न टाकणारा खेळाडू बसला असेल तर चोरीचा विचार सोडून द्यावा, फक्त चांगल्या पानांवर रेझ करावा आणि तो थोडा मोठा करावा.

किती रेझ करावा

कॅश टेबलावर, म्हणजे टूर्नामेंट नसलेल्या टेबलावर, डाव उघडताना बिग ब्लाइंडच्या अडीच ते तीन पट रेझ पुरेसा असतो. ऑनलाइन नसलेल्या, समोरासमोरच्या टेबलावर लोक जास्त कॉल करतात, तिथे चार पटही योग्य ठरतो. तुमच्या आधी कोणी लिंप केला असेल तर प्रत्येक लिंपमागे आणखी एक बिग ब्लाइंड वाढवावा; दोन लिंप असतील तर ३०० च्या जागी ५००. एक शिस्त मात्र कसोशीने पाळावी: पानांच्या ताकदीनुसार रेझचा आकडा बदलू नये. एक्क्यांवर ५०० आणि सत्ती-छक्कीवर २५० करणारा खेळाडू पहिल्या तासात आपली पाने सगळ्यांना वाचून दाखवतो. आकडा बदलायचा तो जागा, लिंप करणाऱ्यांची संख्या आणि समोरच्याची सवय पाहून.

प्रत्यक्ष टेबलावरचे दोन नियम नवख्याला ठाऊक नसतात. एक, न बोलता ५०० ची एकच चिप पुढे टाकली तर तो रेझ धरला जात नाही, १०० चा कॉल धरला जातो. दोन, आधी काही चिप्स ठेवून मग हात मागे नेऊन आणखी चिप्स आणणे चालत नाही. सगळी रक्कम एकाच हालचालीत पुढे गेली पाहिजे. म्हणून आधी स्पष्ट आवाजात ‘रेझ, तीनशे’ असे म्हणावे आणि मग चिप्सना हात लावावा. पुन्हा रेझ करणाऱ्याला आधीच्या वाढीइतकी तरी वाढ करावीच लागते: १०० वरून ३०० झाले असतील तर पुढचा रेझ किमान ५०० चा.

लिंप करणाऱ्याला एकटे गाठणे

लिंप करणारा खेळाडू बहुधा मध्यम हात घेऊन आलेला असतो. चांगला असता तर त्यानेच रेझ केला असता. अशा खेळाडूवर मागून रेझ करून बाकीच्यांना बाहेर काढणे आणि जागेचा फायदा घेऊन त्याच्याशी एकट्याने खेळणे, हा फ्लॉपपूर्व रेझचा माझ्या दृष्टीने सर्वांत फलदायी उपयोग आहे. एक डाव जवळून पाहू.

मधल्या जागांवरून दोघांनी लिंप केला आहे आणि बटणावर तुमच्याकडे इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी आहे. कॉल केलात तर पाचजण फ्लॉप पाहतील. तुम्ही ५०० चा रेझ करता. दोन्ही ब्लाइंड आणि पहिला लिंप करणारा पाने टाकतात, दुसरा आणखी ४०० भरतो. पॉट १,२५० चा होतो आणि त्यातले २५० बाहेर पडलेल्यांनी सोडून दिलेले असतात. फ्लॉप येतो बदामाची राणी, किलवरची अठ्ठी, इस्पिकची तिर्री. तो चेक करतो, तुम्ही ६०० लावता, तो कॉल करतो.

आता त्याच्याकडे काय असू शकते? राण्यांची जोडी किंवा एक्का-राणी असती तर बहुतेक खेळाडूंनी फ्लॉपआधीच रेझ केला असता, म्हणून ते हात जवळजवळ बाद. उरतात राजा-राणी, राणी-गुलाम, राणी-दश्शी, अठ्ठीबरोबरचे एखादे पान, नव्वी किंवा दश्शींची जोडी. या सगळ्यांवर तुमची राणी आणि तिच्याबरोबरचा एक्का भारी आहे. अठ्ठ्यांची किंवा तिर्र्यांची जोडी घेऊन त्याने तीन अठ्ठ्या किंवा तीन तिर्र्या लावल्या असतील तर तुम्ही मागे आहात, पण त्या जोडण्या थोड्याच आहेत. हाच फ्लॉप लिंप केलेल्या पॉटमध्ये पाचजणांसमोर आला असता तर बिग ब्लाइंडकडे राणी-तिर्री किंवा अठ्ठी-तिर्रीसुद्धा असू शकली असती आणि टर्नवर मोठी बेट आल्यावर तुमच्यापुढे अंदाजाखेरीज काही उरले नसते. फ्लॉपआधीच्या ४०० जादा चिप्सनी तुम्हाला ही माहिती विकत घेऊन दिली.

आणि फ्लॉप नव्वी, सत्ती, छक्की असा, तिन्ही बदामाचा आला असता तर? मग चेक करून हात सोडून द्यावा. आधी रेझ केला आहे म्हणून बेट केलीच पाहिजे असे कोणतेही बंधन नाही.

समोरच्याने आधीच रेझ केला असेल तर

दुसऱ्याच्या रेझवर पुन्हा रेझ करणे, म्हणजे थ्री-बेट, दोन प्रकारच्या हातांनी करावी: ज्यांना कॉल झालेला हवा आहे असे बलवान हात आणि ज्यांना कॉल करणे परवडत नाही परंतु टाकून देण्याइतके वाईटही नाहीत असे काही निवडक हात. आकडा साधारणपणे, तुम्हाला जागेचा फायदा असेल तर मूळ रेझच्या तिप्पट आणि ब्लाइंडमधून करत असाल तर चौपट. म्हणजे ३०० च्या रेझवर बटणावरून ९०० आणि बिग ब्लाइंडमधून १,२००.

बलवान कोणते हे समोरच्याने कुठून रेझ केला यावर ठरते. कटऑफ किंवा बटणावरून सैल खेळणाऱ्याने डाव उघडला असेल तर दश्शींची जोडी आणि एक्का-राणीही थ्री-बेटला पात्र आहेत. तासाभरात एखादाच हात खेळणाऱ्या सावध माणसाने पहिल्या जागेवरून रेझ केला असेल तर त्याच एक्का-राणीवर कॉल करणेही जोखमीचे आहे आणि ऑफसुट असेल तर मी ती टाकून देण्याचा सल्ला देईन.

दुसऱ्या प्रकारासाठी एक्का-पंजी सुटेड हा हात नेहमी सांगितला जातो आणि त्यामागे साधे गणित आहे. एक एक्का तुमच्या हातात असल्याने समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याच्या जोडण्या सहावरून तीनवर आणि एक्का-राजाच्या सोळावरून बारावर येतात. आधी मोजलेले ३४ बलाढ्य हात असे २७ वर उतरतात. शिवाय कॉल झालाच तर याच हाताला सलग पाच पाने किंवा एकाच चिन्हाची पाच पाने लागण्याची वाट मोकळी असते. परंतु असा थ्री-बेट पाने टाकू शकणाऱ्या माणसावरच चालतो. कोणीही पाने टाकत नसलेल्या घरगुती डावात हा प्रकार पूर्णपणे वगळावा.

रेझ न करणेच योग्य असते तेव्हा

दुर्रीपासून छक्कीपर्यंतच्या लहान जोडीला फ्लॉपवर तिसरे पान लागण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा असते. तुमच्या आधी तीन-चार जणांनी लिंप केला असेल तर या जोडीवर मागून लिंप करणे चांगले, कारण पान लागले तर पैसे देणारे बरेचजण असतात आणि न लागले तर १०० च जातात. दुसऱ्याच्या रेझला या जोडीवर कॉल करताना दोघांपुढेही कॉलच्या रकमेच्या किमान पंधरा-वीस पट चिप्स शिल्लक आहेत ना, हे आधी पाहावे. नसतील तर लागलेल्या पानाचे चीज होण्याइतके मिळत नाही.

बिग ब्लाइंडमध्ये लहान रेझला कॉल करणे हाही अनेक हातांसाठी योग्य पर्याय आहे. बटणावरून २०० चा रेझ आला आणि स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली तर ३५० च्या पॉटसाठी १०० च भरायचे असतात, म्हणजे २२ टक्के ताकदही पुरते. नव्वी-सत्ती सुटेडसारख्या हातावर तेथे थ्री-बेट करून पॉट फुगवण्याचे कारण नाही.

टूर्नामेंटमध्ये दोन गोष्टी बदलतात. अँटीमुळे, म्हणजे ब्लाइंडखेरीज डावाआधी भरायच्या सक्तीच्या रकमेमुळे, पॉट आधीच मोठा असतो. बिग ब्लाइंड अँटी, म्हणजे सगळ्यांच्या वतीने बिग ब्लाइंडनेच आणखी १००, भरली जात असेल तर मध्ये १५० च्या जागी २५० असतात आणि २२० चा रेझ ४७ टक्के वेळा यशस्वी झाला तरी बरोबरी होते. म्हणून रेझ लहान ठेवावा, पण अधिक वेळा करावा. दुसरे म्हणजे चिप्स कमी होत जातात. तुमच्यापुढे फक्त आठ बिग ब्लाइंड, म्हणजे ८०० उरले असताना २५० चा रेझ केला, स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली आणि बिग ब्लाइंडने ऑल-इन केले (सगळ्या चिप्स लावल्या), तर अँटी नसली तरी १,१०० च्या पॉटसाठी तुम्हाला ५५० च भरायचे असतात. ३३ टक्के ताकद पुरते आणि बहुतेक कोणत्याही हातावर कॉल करावाच लागतो. जर कॉल करायचाच आहे तर आधीच सगळ्या चिप्स पुढे करून समोरच्याला पाने टाकण्याची संधी द्यावी. साधारण दहा-बारा बिग ब्लाइंडच्या खाली आलात की लहान रेझ बंद करून ऑल-इन किंवा फोल्ड एवढेच पर्याय ठेवावेत.

रेझ करण्यापूर्वीच आणखी एक प्रश्न स्वतःला विचारून ठेवावा: यावर कोणी थ्री-बेट केली तर काय करायचे? कटऑफवरून सुटेड राजा-नव्वीवर ३०० लावले आणि ब्लाइंडमधून १,२०० आले, तर उत्तर फोल्ड हेच आहे आणि ते आधी ठरलेले असले तर तीनशे सोडणे सोपे जाते. एक्के, राजे आणि बहुतेकदा एक्का-राजा यांवर पुन्हा रेझ करावा, तोही समोरच्या आकड्याच्या सव्वादोन ते अडीच पट. राणी, गुलाम, दश्शींच्या जोड्या आणि एक्का-राणी सुटेड यांवर, जागेचा फायदा असेल तर, कॉल करून फ्लॉप पाहावा. उरलेली पाने टाकावीत आणि पुढच्या डावात बटण कुठे सरकले आहे ते पाहावे.